अर्थिंगला पाणी

भारतात आज विजेच्या गाड्या लांबलांबच्या रस्त्यांवर बिनघोर धावत असतील, तर त्याचं निदान अर्धं श्रेय आमच्या अण्णांना दिलं पाहिजे, असं माझं मत आहे. आणि आमच्या अण्णांना गाडी चालवता येत नाही. गाडीच काय, सायकलही येत नाही. लहानपणी बसवनगुडीच्या उतारावर सायकलवरून एकदा पडले, 'हे आपल्याच्यानं व्हायचं नाही' असं म्हणून उठले, आणि तेव्हापासून गुडघे चालले तोवर पायी, बसनं किंवा दुसऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून हिंडले. त्यातली काही वर्षं ती दुसरी म्हणजे मी. त्यामुळे उरलेल्या अर्ध्यातलं थोडं श्रेय मला मिळालं तरी माझी हरकत नाही.

अण्णा माझे थोरले दीर. हे घराणं तीन पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. मी मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा यांचं मराठी ऐकून पहिला महिनाभर मी नुसतीच मान हलवत होते. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब आणि 'सरी' म्हणजे बरं, ठीक, समजलं, जा, ये आणि पुरे, हे मला अण्णांनीच शिकवलं. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं की सांगतात, "फिरतीची नोकरी होती." नोकरी सरकारी विद्युत निरीक्षकाची. लिफ्ट, सिनेमागृहं, भाताच्या गिरण्या, लग्नाचे हॉल, जिथे म्हणून वीज आणि माणसं एकत्र येतात तिथे जाऊन सगळं सुरक्षित आहे की नाही हे तपासायचं आणि मग सही करायची. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांच्या तपासण्या बंद केल्या, पण अण्णांनी केल्या नाहीत.

अण्णांच्या खांद्याला बारा महिने एक खाकी पिशवी असते. तिच्यात टेस्टर, पक्कड, डबा आणि एका लाकडी होल्डरमध्ये बसवलेला शंभरचा जुना बल्ब. होल्डरमधून दोन वायरी बाहेर आलेल्या. एक वायर विजेच्या फेजला लावायची, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पांढरा लागला तर अर्थिंग ठणठणीत, पिवळा लागला तर कुरकुरतंय, तांबूस लागला तर आजारी. ज्यांना अर्थिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण लग्नापूर्वी मलाही माहीत नव्हतं: यंत्रातून वीज चुकून बाहेर सांडली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून एक खड्डा खणतात, त्यात धातूची पट्टी पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा घालतात. तो खड्डा ओला राहिला तर काम करतो. कोरडा पडला की नुसता शोभेचा. म्हणून अण्णा जिथे जातील तिथे आधी अर्थिंगचा खड्डा शोधतात आणि त्यात पाणी घालतात. बाकीची माणसं सकाळी उठून तुळशीला पाणी घालतात तितक्याच सहज. भेटल्यावर लोक एकमेकांना 'काय, बरं आहे ना?' म्हणतात, तिथे अण्णा म्हणतात, "अर्थिंगला पाणी घातलं का?"

माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा माझे वडील "या, बसा" म्हणाले आणि अण्णांनी बल्ब काढला. चहा होईपर्यंत घरातले सगळे सॉकेट तपासून झाले. जाताना वडिलांच्या हातात त्यांनी सात मुद्द्यांचा लेखी अहवाल ठेवला. वडील पुढे कित्येक वर्षं "तुझे ते सात कलमी दीर कसे आहेत?" असं विचारत. माझ्या भाचीच्या लग्नात तर अण्णांनी कहर केला. मुहूर्त जवळ आला, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि अण्णा नाहीत. व्याह्यांचे पाय धुवायला म्हणून भरून ठेवलेली तांब्याची घागरही नाही. शोधत गेले तर हॉलच्या मागे, जनरेटरच्या शेजारी, सोवळं सावरत अण्णा ती घागर एका भोकात ओतत होते. मुलीची मामी माझ्या मागोमाग आली होती, ती नुसती बघत राहिली. "पाय तासाभरानं धुतले तरी चालतात," अण्णा तिला म्हणाले. "आत एवढी माणसं, एवढं लायटिंग, आणि इथे ठणठणीत कोरडं. तुम्ही स्वल्प आणखी एक घागर पाठवा." मामींनी पाठवली. अण्णांचं ऐकावं लागतं, कारण ते आवाज चढवत नाहीत. नुसते उभे राहतात.

एचएसआर लेआउटमधलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती म्हणे. आता आजूबाजूला स्टार्टअप आहेत. दर दुसऱ्या घराच्या तळमजल्यावर एक कंपनी आणि तिच्या दारात चपला-बुटांचा ढीग. आमच्या तळमजल्यावर आली ती देशभर विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगचं जाळं उभारणारी कंपनी. अकरा माणसं, सात टेबलं, आणि भिंतीवर भारताचा भलामोठा नकाशा. चार्जर सुरू झाला की त्या जागी हिरवी टाचणी. कंपनीची मालकीण नागपूरची, तिशीतली मुलगी. पुण्यात शिकून इथे आलेली, घाईत बोलणारी, घाईत जेवणारी, पण भाडं आणि शब्द दोन्ही वेळेवर. पहिल्याच दिवशी अण्णा पिशवी घेऊन खाली गेले. ते तक्रार करायला गेले असं तिला वाटलं. "काका, आवाज होतोय का आमचा?" तिनं विचारलं.

"आवाज होऊ दे. तुमचे ते चार्जर लावता, त्याचं अर्थिंग कोण तपासतं?"

"व्हेंडर रिपोर्ट देतो ना काका. पीडीएफ येते."

"पीडीएफला शॉक बसतो का?" अण्णांनी विचारलं.

ती हसली नाही. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "तुम्ही बसता का आमच्याकडे?" अण्णा बसले. बसणं हेच पुढे त्यांचं काम झालं.

त्याचं असं की, कंपनीची जागा तपासायची पद्धत चटपटीत होती. कोणीतरी जायचं, फोटो काढायचे, फोनवरच्या फॉर्मात खुणा करायच्या, वीस मिनिटांत पुढच्या जागेला. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की हे चालणार नाही. ज्याची गाडी तिथे चार्ज होणार तो माणूस तिथे बसणार. तेव्हा आपण आधी बसून बघायचं. किती? चार तास. घरून नेलेली निळ्या पट्ट्यांची घडीची खुर्ची उघडायची आणि काहीही न करता बसायचं. पेपर वाचायचा नाही, फोन बघायचा नाही. अण्णांचा स्वतःचा फॉर्म होता, एका जुन्या रजिस्टरात हातानं आखलेला. रकाने असे: अर्थिंग. सावली (कुठून कुठे सरकते ते तासाप्रमाणे). पाणी. संडास (बायकांचा वेगळा). चहा. कुत्री (संख्या व स्वभाव). आणि शेवटचा, बोलणारा माणूस. शेवटच्या रकान्यावरून खाली बरीच हसाहस झाली. नागपूरच्या मुलीनं सांगितलं की अॅपमध्ये वायफायचं चित्र आहे, कॉफीच्या कपाचं आहे, बोलणाऱ्या माणसाचं चित्र नाही. "मग काढा," अण्णा म्हणाले. "एकटी बाई गाडी लावून तासभर बसली तर तिच्याशी दोन शब्द नीट बोलणारं कुणीतरी पाहिजे. वायफायला काय विचारणार ती?" तुमकूरच्या पुढचं एक चकचकीत हॉटेल त्यांनी यावरच नापास केलं. तिथे सगळं होतं, पण राखणदार बसलेल्या माणसाकडे असा बघत होता की अण्णांना चार तासांत तीनदा उठावंसं वाटलं. रजिस्टरात शेरा: 'बसवत नाही.'

आता या सगळ्यात माझा संबंध काय? मी एका प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्यांचं काम बघते. प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिक सिटीत, रोजचं जाणं-येणं उड्डाणपुलावरून, त्यामुळे विजेची गाडी घेण्यात शहाणपण होतं म्हणून घेतली. ती दारात आल्याच्या दुसऱ्या शनिवारी अण्णा पिशवी, खुर्ची आणि छत्रीसह तिच्यात येऊन बसले. "सुमन, स्वल्प चित्रदुर्गापर्यंत जाऊन येऊ." माझा नवरा नेमका तेव्हाच गच्चीवर काहीतरी बघायला गेला. तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार आम्ही दोघं रस्त्यावर. मी रिकामी बसणारी बाई नाही. पहिल्या खेपेला मी त्या चार तासांत प्रयोगशाळेतले राहिलेले अहवाल तपासले, तीन फोन केले, गाडी आतून पुसली, आणि परतताना चिडून म्हटलं, "अण्णा, जे तुम्ही चार तासांत बघितलं ते मी दहा मिनिटांत सांगितलं असतं." त्यांनी विचारलं, "दोन वाजता काय झालं?" मला काही आठवेना. "दोन वाजता उसाच्या गाड्या सुरू होतात. तुझ्या गाडीच्या दारापासून हातभर अंतरावरून जातात. लहान मूल घेऊन कुणी उतरलं असतं तर?" मी पुढच्या खेपेपासून दुसरी खुर्ची घेतली.

दोन वर्षांत भिंतीवरच्या नकाशात टाचण्या वाढल्या. अण्णा रोज सकाळी खाली जाऊन नकाशासमोर उभे राहत, आणि देश या शब्दाची त्यांची व्याख्या सांगत: एका बसायच्या जागेपासून दुसरीपर्यंत, तिथून तिसरीपर्यंत, असं शेवटपर्यंत जाता आलं पाहिजे. बंगळूर ते पुणे हा कंपनीचा पहिला सलग रस्ता होणार होता. तुमकूर झालं, चित्रदुर्ग झालं, दावणगेरे झालं. तिकडून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी झालं. मध्ये दावणगेरेच्या पुढे आणि हावेरीच्या अलीकडे एक भोक राहिलं. तिथल्या चार जागा अण्णांनी नापास केल्या होत्या. पाचवी होती एका बाईची खानावळ. पत्र्याची शेड, समोर चिंचेचं झाड, आणि आत चुलीवर जोळद रोट्टी, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. बाईचं नाव काहीही असो, ट्रकवाल्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळे तिला रोट्टी अक्का म्हणत. अण्णा चार तास बसले. त्या चार तासांत अक्का भाकऱ्या थापता थापता त्यांच्याशी पाऊस, गुडघे, सुना आणि सरकार या विषयांवर बोलली, आणि दर वेळी अण्णा उठायला लागले की म्हणायची, "कुंदर्री, अण्णा." बसा. रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यात अण्णांनी प्रथमच काही लिहिलं नाही, नुसती दुहेरी रेघ मारली. ती परीक्षेत पहिला आलेल्या मुलाच्या नावाखाली मारतात तशी होती.

चार्जर लागला. नागपूरच्या मुलीनं मुहूर्त ठरवला: रविवारी मुंबईहून गुंतवणूक करणारे लोक येणार, बंगळूरहून विजेच्या गाडीनं निघणार, आणि थांबत थांबत पुण्यापर्यंत जाणार. रस्ता सलग निघाला तर कंपनी देशभर जाणार. नाही निघाला तर, तिनं मला जिन्यात सांगितलं, "काकू, मग या अकरा जणांना मला सांगावं लागेल की दुसरीकडे बघा. ते माझ्या भरवशावर आले आहेत ना जी." सगळं तयार होतं, फक्त अक्काच्या जागेवर अण्णांची शेवटची सही बाकी होती. मी शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही गेलो.

दुपारी पोचलो. जागा ओळखू येत नव्हती. चिंचेखालची माती गेली होती. तिथे लाल-करड्या फरशीचे ठोकळे एकास एक बसवलेले, त्यावर कंपनीच्या नावाचा फलक, फलकाभोवती झेंडूच्या कुंड्या. नागपूरची मुलगी आधीच आली होती आणि अभिमानानं उभी होती. अण्णांनी इकडे-तिकडे बघितलं आणि विचारलं, "खड्डा कुठाय?"

"कुठला खड्डा काका?"

"अर्थिंगचा."

तिनं फलकाकडे बोट दाखवलं. "त्याच्या खाली आहे. झाकून घेतला. फोटोत वाईट दिसत होता ना."

अण्णांनी बल्ब काढला. आम्ही सगळे भोवती जमलो: ती, चार्जर बसवणारा मेस्त्री, भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी अक्का, मी. बल्ब लागला तो निखाऱ्यासारखा, तांबूस. तीन महिने त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता, आणि जायला वाटही नव्हती. चार्जरनंही तेच सांगितलं. त्याच्यावरचा दिवा लाल होऊन बसला होता, हिरवा होईना. अण्णा म्हणाले, "फरशी काढा. खणा. पाणी घाला."

"काका, काहून असं करता? परवा लोक येत आहेत. ही फरशी बसवायला चार दिवस लागले."

"काढायला तेवढे लागणार नाहीत," अण्णा म्हणाले.

मेस्त्री अण्णांच्याच वयाचा, शांत माणूस होता. तो म्हणाला, "सार, तुम्ही दावणगेऱ्याला जाऊन विश्रांती घ्या. मी सकाळपर्यंत ठीक करतो." आम्ही गेलो.

शनिवारी सकाळी परत आलो तर फरशी जागच्या जागी, कुंड्या जागच्या जागी, आणि चार्जरवरचा दिवा हिरवा. मुलीच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू. मेस्त्रीनं स्वतः अण्णांच्या हातात बल्ब दिला. अण्णांनी वायरी लावल्या आणि बल्ब असा लखलखीत पांढरा पेटला की अक्कानं आतून "हाऽऽ" केलं. "बघा सार," मेस्त्री म्हणाला. "आता सही करा."

अण्णांनी सही केली नाही. बल्बकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. "सुमन," ते मला म्हणाले, "तुझ्याकडे काल मरायला टेकलेला पेशंट आज सकाळी ठणठणीत, असा रिपोर्ट आला तर तू काय करशील?"

"रक्ताची बाटली बदलली का ते बघेन," मी म्हटलं.

अण्णांनी पक्कड काढली आणि चार्जरच्या मागची पेटी उघडली. आत एक वीतभर हिरवी वायर होती, नवीकोरी. एक टोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत जाते त्या तारेला, दुसरं अर्थिंगला. बल्बला आणि चार्जरला दोघांनाही फसवायला तेवढं पुरतं. ताप उतरला नव्हता. थर्मामीटर गार पाण्यात बुडवलं होतं. न्यूट्रल कुठे तुटलं असतं तर चार्जरच्या अंगात वीज उतरली असती, आणि गाडीच्या दाराला हात लावणाऱ्या माणसाला जमिनीपर्यंतचा रस्ता स्वतःच व्हावं लागलं असतं.

मेस्त्रीनं मान खाली घातली. "एक दिवसाचा प्रश्न होता, सार. सोमवारी काढणारच होतो."

अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. मुलीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी विचारलं नाही." आणि मग तिचा तोल गेला. "तुम्हाला काय जातं हो? तुमची पेन्शन चालू आहे. एक सही, काका. एक दिवस. मी स्वतः इथे उभी राहते, कुणाला हात लावू देत नाही. पण रस्ता तुटला ना, तर सगळं तुटलं."

मला वाटलं, अण्णा उठून गाडीत बसतील. ते घडीच्या खुर्चीवर बसले आणि तिलाही समोर बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. तेव्हा त्यांनी ती हकिगत सांगितली जी मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. नोकरी नवी होती. एका गावात भाताची गिरणी. वरिष्ठ जीपमध्ये बसलेले, उशीर होत होता, ते म्हणाले सही कर, बघायचं काय त्यात. अण्णांनी जीपमधून न उतरता सही केली. पाऊस पडला, गिरणीच्या खांबाला एका बाईची म्हैस टेकली आणि उभ्या जागी गेली. अण्णा चौकशीला गेले. बाईनं पायरीकडे बोट दाखवलं, बस. आणि आपलं काम करत राहिली. बोलली नाही, शिव्या दिल्या नाहीत. चार तास. "त्या चार तासांत मी बघितलं," अण्णा म्हणाले, "तिची नातवंडं त्या खांबाभोवती खेळत होती. बायका त्याच खांबाच्या ताणाच्या तारेवर ओली लुगडी वाळत घालत होत्या. म्हैस मध्ये आली म्हणून बरं, असं त्या गावात मीच एकटा म्हणत होतो, मनातल्या मनात. मग तिनं ताक दिलं आणि म्हणाली, जा आता." थांबून ते म्हणाले, "मी सही केली नाही तर तुझी कंपनी जाईल, कदाचित. ते मला माहीत आहे. मला वाईट वाटेल. पण सही नाही करणार."

अक्काला मराठी येत नाही, पण तिला सगळं समजलेलं दिसलं; ती आत गेली आणि पहार घेऊन आली. ती तिनं नागपूरच्या मुलीच्या हातात दिली. मुलीनं पहारीकडे बघितलं, झेंडूच्या कुंड्यांकडे बघितलं, आणि एक कुंडी बाजूला सरकवली. पहिला ठोकळा तिनंच उचकटला, दुसरा मेस्त्रीनं. हिरवी वायर अण्णांनी आपल्या पिशवीत ठेवली.

तो शनिवार आणि रविवारची सकाळ मी जे केलं ते माझ्या प्रयोगशाळेतल्या कुणाला सांगितलेलं नाही. मी विहिरीवरून घागरी आणल्या. अक्का, तिच्या भाकरी थापणाऱ्या दोघी, मेस्त्री, ती मुलगी आणि मी, अशी रांग. अक्काच्या कोठीतलं खडेमीठ गेलं, चुलीतला कोळसा गेला. अण्णा खुर्चीवर बसून मोजल्यासारखं पाणी ओतायला लावत: "घाई नको. जमिनीला पिऊ दे." दर तासाला बल्ब. तांबडा, तांबूस, नारिंगी. रविवारी दुपारी बारा वाजता पाहुण्यांच्या दोन गाड्या आल्या तेव्हा बल्ब पिवळा होता. फरशीचा ढीग, चिखल, उलटा पडलेला फलक आणि कोपरापर्यंत बरबटलेली कंपनीची मालकीण. पांढऱ्या शर्टातले ते चौघं उतरले आणि उतरल्या जागी थांबले.

तिनं हात पुसले आणि सरळ सांगितलं. खड्डा झाकण्याची चूक माझी, खोटी वायर सापडली, काढली, अर्थिंग बरं होतंय, तोवर चार्जर सुरू होणार नाही. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी माझ्या मनात तिला तेव्हा पूर्ण गुण दिले. चौघांत कुजबुज झाली. पुढे जाण्याइतकी वीज त्यांच्या गाड्यांत नव्हती, त्यामुळे जायचं तरी कुठे? अक्का बाहेर येऊन म्हणाली, "कुंदर्री." ते बसले. भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. एकानं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि अण्णांच्या घडीच्या खुर्चीवर चिंचेखाली झोपून गेला. दुसरा अण्णांना त्या रजिस्टरातल्या कुत्र्यांच्या रकान्याबद्दल विचारत बसला. पावणेचार वाजता बल्ब पांढरा लागला. हळूहळू, पहाट झाल्यासारखा, लागायला हवा तसा. अण्णांनी पेटी पुन्हा एकदा उघडून बघितली, मग खिशातून पेन काढलं आणि सही केली. चार्जरचा दिवा हिरवा झाला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. झोपलेल्याला उठवावं लागलं.

त्या चौघांनी कंपनीत गुंतवणूक केली की नाही, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यायचं असेल. केली. पण लगेच नाही, आणि अण्णांच्या सहीमुळे की अक्काच्या वांग्यामुळे हे मला माहीत नाही. कंपनी वाढली. मग एका मोठ्या कंपनीत मिसळली, आणि आमचा तळमजला सोडून महादेवपुऱ्याच्या काचेच्या इमारतीत गेली. जाताना नागपूरची मुलगी अण्णांच्या पाया पडली आणि नकाशा त्यांना देऊन गेली. तो आता त्यांच्या खोलीत आहे, काश्मीरचा कोपरा कपाटामागे गेलेला. टाचण्या इतक्या झाल्या आहेत की त्या लावायला माणूस नाही. नव्या कंपनीत अर्थिंग यंत्रंच तपासतात, चोवीस तास, आणि पडद्यावर हिरवा ठिपका येतो. अण्णांना ते तिनं तिकडे नेऊन दाखवलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "ठिपक्याला पाणी कोण घालतं?"

आता त्यांचे गुडघे चालत नाहीत. गच्चीवरच्या खोलीतून खाली येणं आठवड्यातून एकदा. सकाळी भिंग लावून फोनवर लोकांनी चार्जरखाली लिहिलेले शेरे वाचतात. देशभरातले. परवा मला वर बोलावून घेतलं आणि एक वाचून दाखवला. कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, चार्जर हळू आहे, पण इथे खुर्ची आहे आणि एक मावशी बोलते. त्यांनी तो दोनदा वाचला. मी खाली कुकर लावून आले होते, तरी दोन्ही वेळा ऐकला.

मागच्या महिन्यात मी भावाकडे मिरजेला निघाले होते, एकटीच. अक्काकडे थांबले. चार्जर आता मोठा आहे, चाळीस मिनिटांत गाडी भरते. अण्णांची पिशवी मी बरोबर घेतली होती, त्यांनी न सांगता. तपासणी करून खड्ड्यावर बाटली ओतायला गेले तर माती आधीच ओली. अक्कानं तिथे कढीपत्ता लावला आहे, कंबरेइतका झाला आहे. रोज पाणी घालते. तिनं खुर्ची दिली. निळ्या पट्ट्यांची, अण्णांचीच. त्या रविवारी विसरलो होतो ती तिनं परत दिलीच नाही. "अण्णा हेगिद्दारे?" तिनं विचारलं. कसे आहेत? मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये गुडघ्यांबद्दल सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"बल्ब नेलास का?"

"नेला."

"कसा लागला?"

"पांढरा."

"लगेच?"

"लगेच, अण्णा."

मग, "पेटी उघडून बघ."

"बघितली. वायर नाही."

"सरी," अण्णा म्हणाले. "आणि बसलीस?"

मी घड्याळ बघितलं. गाडी केव्हाच भरली होती. मिरजेला भाऊ जेवायला थांबलेला. अक्का आतून ताकाचा पेला घेऊन येत होती आणि चिंचेची सावली माझ्या पायांवरून सरकून शेडच्या कडेला गेली होती.

"बसलेच आहे," मी म्हटलं.